टायरच्या कडेचे केस

४ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,

तिसरी किक मारली आणि गाडी सुरू झाली, गुडघा बंद पडला. मी अंगणात आडवा, ती माझ्या डोक्याशी स्टँडवर उभी आणि धडधडतेय. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत दोघं तसेच होतो. शेजारीण खिडकीतून ओरडली, "आजोबा, जरा आवाज कमी करा की!" मी म्हटलं, "बाई, मी खाली आहे, बटण वर आहे." तिने खिडकी लावून घेतली.

डॉक्टरांनी गुडघ्याची वाटी जागेवर बसवली. चालता येईल, किक मारायची नाही, म्हणाले. मी विचारलं, मग चालत कुठे जाऊ? त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेव्हा गाडी द्यायची आहे. पाचशे सीसीची आहे, जुनी आहे, पण तिचे गुडघे शाबूत आहेत. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला ती हवी आहे. चालवायला नव्हे, भिंतीवर टांगायला. लोक तिच्याखाली बसून सूप पिणार. त्याने भिंतीत हूकही ठोकून ठेवलेत आणि मार्चअखेर उत्तर मागतोय.

घरात चालवणारं कोणी असेल तर भिंत टळेल. मुलगी एकच, आणि तिचं काय ते ऐका. मी कारखान्यात नव्या गाड्या पळवून बघायचो. चाचणीची पट्टी सुतासारखी सरळ. सुट्टीच्या दिवशी तिला मागे बसवून नेलं. काटा शंभराच्या पुढे गेला आणि ती माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपली. एकदा नव्हे, दर वेळी. शेवटी पट्ट्याने बांधून घ्यायचो. तेव्हापासून मी तिच्याशी गाड्यांचा विषय काढत नाही.

राहता राहिलात तुम्ही. डोंगरातून रोज गाडीवर दुकानाला जाता म्हणे. सांगा, गाडी चालवताना तुम्हाला मजा कशात वाटते? उत्तर पटलं तर गाडी तुमची. फोन करू नका. जन्म इंजिनाशेजारी काढलेल्या कानांना फोन म्हणजे डास.

आशीर्वाद.
बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांस सादर नमस्कार.

गुडघ्याचं वाचून दोघांनाही वाईट वाटलं. ही हसली, पण वाईट वाटूनच हसली.

मजा वळणात आहे, बाबा. मी चष्म्याच्या काचा घासतो. सरळ काच म्हणजे खिडकी. जे आहे तेच तिच्यातून दिसतं. काचेला बाक आला की ती कामाला लागते. रस्त्याचंही तसंच. घरापासून दुकानापर्यंत बावीस वळणं आहेत आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा. सरळ रस्त्यावर कुणीही वेगात जाईल, दगडसुद्धा जाईल, वरून सोडला तर. वळणावर माणूस लागतो. मी गाडी इतकी आडवी करतो की परवा कोपराला गवतावरचं दव लागलं.

माझी गाडी छोटी आहे, पण निगा अशी की कडाक्याच्या थंडीतही सकाळी पहिल्या किकला सुरू होते. सायलेन्सरला हात लावावा तर ऊबदार. पेट्रोल मात्र फार पिते. चढ आहे, इलाज नाही.

बाकी इथली हवा उत्तम. दूध ही स्वतः पहाटे दुकानाच्याही वरच्या गोठ्यावर जाऊन आणते. मी आठला उठतो तेव्हा किटली ओट्यावर असते. दूध इतकं कसदार की किटलीतच लोणी वर येतं.

आपला,
जावई

ता. क. बाबा, गुडघा शेकत जा. गाडी हॉटेलवाल्याला देऊ नका, थांबा. ह्यांच्या बुटांचे तळ पुन्हा झिजलेत, डावा तर पार गेलाय. इथे चांगला चांभार नाही. तुमच्या गल्लीतल्याकडून लावून घ्याल का? पाठवते. — तुमची लेक


१७ फेब्रुवारी

जावईबापू,

कोपराला दव! पत्र दोनदा वाचलं.

वळण म्हणजे रस्ता बांधणाऱ्याची हार. समोर डोंगर आला, फोडवेना, घातला वळसा. त्यात मजा कसली? मजा सरळ रस्त्यात. मूठ पिळावी, डोळ्यांतून पाणी यावं, गालाची कातडी कानामागे जावी, शर्टाच्या बटणांनी एकेक करून निरोप घ्यावा. माझी गाडी वळत नाही. फार तर विचार बदलते, आणि त्यालाही तिला वेळ लागतो. चाचणीपट्टीच्या टोकाला कारखान्याने दोन माणसं ठेवली होती. मी थांबायचो, ते गाडी धरून तोंड फिरवून द्यायचे. उभ्या नोकरीत मला एकदाही वळावं लागलं नाही. याला कारकीर्द म्हणतात.

असो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कुणालाही जमतं. टायरला जमत नाही. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, पाहिलेत ना? सरळ जाणाऱ्याचा टायर मध्ये सपाट होतो, कडेचे केस तसेच राहतात. गाडी आडवी करणाऱ्याचे कडेचे केस पहिल्याच महिन्यात जातात. भित्र्याच्या टायरला कडेला वर्षानंतरही दाढी असते.

तुमचा मागचा टायर बदला आणि जुना मला पाठवा. हॉटेलवाल्याला सांगितलंय, टायर येईपर्यंत थांब.

आशीर्वाद.
बाबा


२३ फेब्रुवारी

ती. बाबांस सादर नमस्कार.

टायर बदलण्याची तशी घाई नव्हती. आणखी वर्षभर चालला असता. पोस्टात एवढं मोठं पार्सल घेतील की नाही, हीही शंका होती. शिवाय टायरवरून माणूस ओळखणं म्हणजे चष्म्यावरून डोळा ओळखण्यासारखं आहे. डोळ्याचं दुखणं कळतं, डोळ्याने काय पाहिलं ते कळत नाही.

हे सगळं मी लिहिणारच होतो. पण काल दुकानातून बाहेर आलो तर गाडीला नवा टायर. हिने गॅरेजवाल्याला परस्पर सांगितलं होतं. जुना तिने गोणपाटात शिवून, मधल्या पोकळीत माझे बूट कोंबून आज सकाळीच रवाना केला. मला बघायलाही मिळाला नाही.

आपल्या माहितीसाठी: यंदा इथे धुकं फार होतं. रस्ता ओला असायचा. वळणांवर बकऱ्या असतात. सावध माणूस अशा वेळी हळू जातो. कधीकधी पाय टेकतो. त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये ही विनंती.

आपला,
जावई


२ मार्च

वाघा!

होय, तुम्हालाच. टायर आला. चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, मग डोळे मिटून हात फिरवला. दोन्ही कडांना एक केस नाही. अगदी काठापर्यंत रबर मखमलीसारखं घासलेलं. डावीकडे किंचित जास्त. कारखान्यात वळणांच्या पट्टीवर एक स्वार होता, सगळे त्याला वेडा म्हणायचे. त्याचे टायर असे असायचे. पुढे त्याचं काय झालं ते लिहीत नाही.

आणि तुम्ही बकऱ्यांची सबब सांगता! विनय म्हणतात तो हा. मी तुम्हाला आजवर घरजावयासारखा गरीब माणूस समजत होतो. शब्द मागे घेतो.

वळणाबद्दलचं माझं मत कायम आहे. पण गाडी तुमची. हॉटेलवाल्याला कळवलं. तो म्हणाला, हुकांचं काय करू? मी म्हटलं, स्वतः लटका.

बूट चांभाराकडे न्यायचे आहेत. गुडघा बरा झाला की नेतो.

अनेक आशीर्वाद.
बाबा


१३ मार्च

ती. बाबांस सादर नमस्कार.

अक्षर हिचं आहे, मजकूर माझा. कारण पुढे येईल.

आपलं पत्र वाचून मी आधी गोंधळलो. मला स्वतःला वाटायचं की मी वळणावर फार हळू जातो. जवळजवळ थांबतो म्हणा ना. (थांबतातच. — लेक) पण टायर खोटं कसं बोलेल? तीन दिवस विचार केला. डोळ्याला स्वतःची बुबुळं दिसत नाहीत. तसा आतून वेग जाणवत नसावा. भोवऱ्याला कुठे माहीत असतं आपण फिरतोय ते. (इथे मी म्हटलं, टायर दुसऱ्या कुणाचा असेल. हे म्हणाले, माझ्या गाडीचा टायर दुसऱ्या कुणाचा कसा?)

तेव्हा ठरवलं, जे नकळत जमतं ते एकदा कळून करावं. सोमवारी नवव्या वळणावर पाय वर घेतले आणि गाडी आडवी केली. ती झाली. पुढचं मला नीट आठवत नाही. वळण डावीकडे गेलं, मी कोबीच्या शेतात. (शेत उजवीकडे. चाळीस गड्डे फुटले. शेतकरी म्हणाला, रोज पाय घासत जाणारा माणूस, आज काय अंगात आलं?)

उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. गाडीला काही झालेलं नाही. सहा आठवडे चालवायची नाही. आपली गाडी आली तरी मी तूर्त तिच्याकडे बघण्यापलीकडे काही करू शकणार नाही. हॉटेलवाल्याला पूर्ण नाही म्हणू नये असं सुचवावंसं वाटतं.

आपला,
जावई

(शेवटचं वाक्य मी लिहिणार नव्हते. ते बघत होते म्हणून लिहिलं.)


१९ मार्च

चि. बाळ,

हे पत्र गोठ्याच्या पत्त्यावर पाठवतोय. तू तिथे रोज जातेस. पायी जातेस असं आता मला वाटत नाही.

काल बूट चांभाराकडे न्यायला काढले. टेबलावर टायर होताच, बूट शेजारी ठेवले आणि मांडी घालून बघत बसलो. मांडी घातली म्हणून गुडघा पुन्हा सुजला, ते सोड. डाव्या बुटाची टाच आणि तळ तिरका घासलेला. हा माणूस प्रत्येक वळणाला पाय खाली सोडतो, रस्त्याला धरून धरून जातो. आणि टायर डाव्या काठापर्यंत गेलेला. इतकी गाडी आडवी केली आणि पाय खाली असला तर पाय राहत नाही. तुझ्या नवऱ्याला दोन्ही पाय आहेत, लग्नात मोजले होते.

टायर खोटं बोलत नाही. बूटही बोलत नाही. म्हणजे गाडी एक आणि माणसं दोन.

मग ऊबदार सायलेन्सर आठवला. पेट्रोल आठवलं. दूध किटलीत घुसळून लोणी येईल असं ते कोण आणतं, ते आठवलं. मी इतका गाढव आहे हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नाही. वरिष्ठ होतो म्हणून असेल.

एकच विचारतो. माझ्या पाठीवर झोपायचीस ती का? शंभरच्या पुढे काटा, आणि झोप?

बाबा


२५ मार्च

ती. बाबा,

गोठेवाला पत्र देताना म्हणाला, "ताई, गाईंना पत्र आलंय."

टायर मीच पाठवला. तुम्ही बघताच ओळखाल असं वाटलं होतं. तुम्ही ह्यांना वाघ केलंत. मग ते कोबीत गेले. त्यात थोडी तुमची चूक, थोडी माझी.

सरळ रस्त्यावर काय करायचं असतं, बाबा? मूठ पिळायची आणि वाट बघायची. काम इंजिन करतं, माणूस पाहुणा. तुमची पाठ रुंद होती, उबदार होती, इंजिनाचा सूर एकच. कंटाळा नव्हता. भरवसा होता. थोडा कंटाळाही होता.

वळणात आधी वेग सोडावा लागतो. तेच कठीण. मग जिथे जायचंय तिथे बघायचं. जिथे भीती आहे तिथे नाही. दगडाकडे बघितलं की गाडी दगडाकडे जाते, कोबीकडे बघितलं की कोबीत. मग ती कलते, आणि पडायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही असा एक क्षण येतो. तेवढ्यात मूठ हळूच पिळायची. ती उठते. हे सगळं पोटात कळतं, डोक्यात नाही. जाताना बावीसदा, येताना बावीसदा. नंतर दिवसभर कुणी काही बोललं तरी लागत नाही.

चोरून का? एकदा दुधाला उशीर झाला म्हणून नेली. नंतर सांगायचं राहिलं. सांगणारच होते, तर ह्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं, कोपराला दव लागल्याचं. लिहिताना चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आता सांगितलं तर त्यांचं दव जाईल.

गाडी मला हवी आहे. इतकी कुठलीच वस्तू हवी वाटली नव्हती. ह्यांच्या हातात दिलीत तरी चालेल. भिंतीवर नको.

तुमची,
लेक


२९ मार्च

चि. दोघांस,

बुधवारी येतोय. गाडी टेम्पोत, मी टेम्पोवाल्याशेजारी. तो वळणावर गाणी म्हणतो असं कळलं, म्हणून पट्टा घेतलाय.

गाडी ठरल्याप्रमाणे जावईबापूंच्या स्वाधीन करीन. त्यांनी ती तूर्त बघावी. बघण्याने झिजत नाही.

हॉटेलवाल्याने हुकांवर सायकल टांगली. सूप तेच आहे.

बाबा


९ एप्रिल
(गोठ्याच्या पत्त्यावर)

चि. बाळ,

सुखरूप पोचलो. टेम्पोवाला उताराला गात नव्हता. मीच म्हणायला लावलं.

परवा पहाटे तुझ्या मागे बसून गोठ्यावरून आलो, उतरल्यावर तू म्हणालीस, "झोपलात ना बाबा? फिट्टंफाट." मी तेव्हा बोललो नाही कारण दात एकमेकांत बसलेले होते. आता लिहितो. मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या वळणापर्यंत मी मनात तुला शिव्या दिल्या. पाचव्याला देवाचं नाव घेतलं, ज्याच्याशी माझा फारसा परिचय नाही. सातव्याला तू म्हणालीस, "बाबा, उलटे कलू नका, माझ्याबरोबर या." तुझ्याबरोबर आलो. दुसरीकडे जायला जागाही नव्हती. आणि गाडी वळली. माझी गाडी! मऊसूत, लोण्यातून सुरी फिरावी तशी. ती वळते हे मला माहीतच नव्हतं. आता त्या दोन माणसांचा विचार येतो, पट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या. त्यांना काय वाटत असेल?

शेवटच्या चार वळणांना डोळे उघडे होते. हे कुणाला सांगू नकोस.

सरळ रस्त्याबद्दलचं माझं मत कायम आहे. पण ते आता मी बसून बाळगीन.

जावईबापूंचं घोरणं जाताना-येताना अंगणापर्यंत ऐकू येत होतं. माणूस निर्धास्त आहे. त्याला काही कळू देऊ नकोस.

बाबा


१५ एप्रिल

ती. बाबांस सादर नमस्कार.

प्लास्टर निघालं. अक्षर माझं आहे, वाकडं आहे, समजून घ्या. हे पत्र दुकानातून लिहितोय.

मी घोरत नाही, बाबा. त्या पहाटे घोरलो, कारण तुम्ही अंगणात हिला सांगत होतात, "हळू बोल, तो उठेल." उठलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? सुचलं ते केलं. पाचव्या वळणावरून तुमचा आवाज घरापर्यंत आला. मांजर असेल असं म्हणून मी कूस बदलली, खोलीत दुसरं कोणी नव्हतं तरी.

प्लास्टरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकी रिकामी झाली, तेव्हाच कळलं होतं. चालवणारा घरात बसलाय आणि गाडी पेट्रोल पितेय. चढाचा इलाज नव्हता, पण चढही नव्हता. आधी राग आला. मग त्या टायरचा विचार केला. माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपणारं माणूस पहाटे उठून असं काही करून येतं आणि परत येऊन मला विचारतं, साखर किती? राग टिकला नाही.

बोललो नाही. हिला वाटतं मला माहीत नाही. तिला वाटतं माझं दव जाईल. ते कधी लागलंच नव्हतं, बाबा, हे तुम्हालाही माहीत आहे. पण ती ते इतकं जपतेय की आता मलाच मोडवत नाही.

दुकानाला मी पायी येतो. डॉक्टर म्हणाले मनगटाला जपा, मी लगेच मानलं. बूट दोन्ही सारखे झिजतात. चांभाराला सांगा, काम उत्तम होतं.

तुम्ही चारचौघांत माझ्या हातात दिलेली किल्ली रविवारी खुंटीला लावली. खुंटी मी नवी ठोकली. डाव्या हाताने ठोकली म्हणून वाकडी आहे, पण उंची बरोबर आहे. माझ्या नव्हे, हिच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उठलो. खुंटीला किल्ली होती, अंगणात गाडी होती, सायलेन्सर गरम होता. किटली ओट्यावर होती. वर लोणी आलं होतं.

आपला,
जावई